साहेबाच्या नावाखालची ओळ

बाबा, परवा वनखात्यातून एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे चांगली अधिकारी आहे, पण आवाज इतका कोवळा की मी तिला दोनदा ‘बेटा’ म्हणून गेले. जंगलाच्या फाटकाजवळचे पक्ष्यांचे जुने फलक काढून नवे लावायचं चाललंय, आणि मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवली म्हणून मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता. ती म्हणाली, “मॅडम, ज्या पक्ष्यांना इंग्रजीत साहेब लोकांची नावं आहेत, ती आम्ही आता गाळणार आहोत. बाहेरच्या देशांतही लोक बदलायचं म्हणतायत. आपण सरळ इथली नावं घेऊ.” मी म्हटलं, छान. मग ती म्हणाली, “त्या निळ्या माशीमाराला इथं सगळे निमी म्हणतात. गाइड म्हणतात, माहितीपत्रकात तेच आहे. पण हे नाव गोंडी आहे, झाडीबोलीतलं आहे की तेलुगू, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिला फलक तुमच्या वडिलांनी रंगवला होता म्हणे. त्यांना हे नाव कुठून मिळालं?” मी म्हटलं, बघून सांगते. आता यात बघण्यासारखं काय होतं, ते तुम्हाला आणि मलाच माहीत.

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली याचा हिशेब मी मुद्दाम ठेवत नाही. आई गेली, मुलचेऱ्याची आत्या गेली, तिचे यजमान फुफाजी तर तुमच्याही आधी गेले. निमी हे नाव कुणाचं, हे जाणणारी आता मी एकटी उरले आहे. एकटीनं एखादी गोष्ट माहीत असणं फार वाईट, बाबा. ती खरी होती की आपणच मनाशी रचली, असं मध्येच वाटायला लागतं. तुम्ही असतात तर भांडले असते. आता भांडायलाही समोर कुणी नाही, याचाच मला जास्त राग येतो.

तो फलक रंगवलात ते साल मला पक्कं आठवतं, कारण गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आपल्या घरी कधी नव्हे एवढं काम आलं. शाळा, दवाखाने, चावड्या, एसटीचे थांबे, जिथं जिथं ‘जिल्हा चंद्रपूर’ होतं तिथं तिथं ‘जिल्हा गडचिरोली’ लिहायचं होतं. तुम्ही चंद्रपूरच्या बिनबा गेटजवळच्या त्या एका खोलीच्या दुकानातून ब्रश आणि डबे पिशवीत भरून एसटीनं निघायचे, ते चार-चार दिवस यायचे नाहीत. काही फलकांवर खरवडताना ‘चंद्रपूर’च्या खाली ‘चांदा’ निघायचं, आणि तुम्ही घरी येऊन हसत सांगायचे, “सरकार नाव बदलवते अन् आपली चूल पेटते.” तुमचं स्वतःचं नावही बदललेलंच होतं. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी घरातल्या सगळ्यांची जुनी नावं टाकून दिली, कारण ती आपण ठेवलेलीच नव्हती, गावानं हिणवायला ठेवली होती. तुमचं जुनं नाव तुम्ही मला कधी सांगितलं नाही. नावाच्या बाबतीत तुम्ही फार हट्टी होता. दुकानाच्या पाटीवर कुणी आडनावाचं एक अक्षर चुकीचं सांगितलं तरी तुम्ही तीनदा विचारून घ्यायचे.

आणि अशा माणसानं स्वतःच्या मुलीचं नाव पुसू दिलं. हे मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. जिल्हा व्हायच्या चार-पाच वर्षं आधीचं ते; माझी धाकटी बहीण निमी तेव्हा नुकती बोलायला लागली होती, घरभर माझ्या मागे मागे फिरायची, माझी ओढणी तोंडात घालायची. आत्याला मूल नव्हतं. आत्या तुमची मोठी बहीण, तिनं तुम्हाला लहानाचं मोठं केलेलं, ती येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “तुले दोन हायेत, मले एक दे.” आपल्यात असं देणं-घेणं काही नवं नव्हतं, बहिणीच्या ओटीत भावानं मूल घातलेली घरं आपल्या वस्तीतच होती. पण आत्यानं अट घातली ती मात्र मी पुढे कुठे ऐकली नाही. “हे नाव इथीच ठेवा,” ती म्हणाली. “मी नवं ठेवीन. त्या नावानं कोणी हाक मारली त पोर मांगं वळून पाह्यते. मंग ते माह्या घरी टिकणार नाई.” तुम्ही मान खाली घालून हो म्हणालात. आईनं भाकरी थापायची थांबवली नाही, एवढंच मला आठवतं. पोरीच्या कपड्यांसोबत आईनं तिचा स्टीलचा छोटा पेला दिला होता. महिन्याभरानं आत्यानं तो परत पाठवला, कारण त्यावर ‘निमी’ असं कोरलेलं होतं.

तेव्हापासून मुलचेऱ्याला गेलो की आपण पाहुणे. ती तुम्हाला मामा म्हणायची. मला ताई म्हणायची, पण ते मामेबहिणीचं ताई. शाळेत तिथल्या निर्वासित वस्तीतल्या बंगाली पोरींबरोबर राहून ती बंगाली इतकं फाडफाड बोलायची की तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि आत्या तुमच्याकडे बघत राहायची. तुम्ही शब्द पाळला, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. बाजारात ती एकदा गर्दीत पुढे निघून गेली, समोरून ट्रक येत होता, तेव्हाही तुमच्या तोंडून जुनं नाव निघालं नाही. तुम्ही नुसते “ए पोरी, ए पोरी” असं ओरडत धावलात.

मग जिल्हा झाला त्या साली ते जंगलाचं काम आलं. रेंजरनं फाटकाजवळ लावायला पक्ष्यांचे फलक सांगितले, पत्र्यावर चित्र, खाली इंग्रजी नाव आणि त्याखाली मराठी. पक्षी काढण्यात तुमचा हात काही फार चालायचा नाही, हे आज म्हटलं तर रागावू नका. तुमचा कोतवाल कावळ्यासारखा दिसायचा आणि घुबडाचा चेहरा तर हुबेहूब आपल्या तहसीलदाराचा आला होता. पण अक्षर! खडू लावलेला दोरा ताणून तुम्ही पत्र्यावर रेघ मारायचे, मी दुसरं टोक धरायची, आणि मग त्या रेघेवर अक्षरं अशी बसायची की छापल्यासारखी. रेंजरनं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यातली चार-पाच नावं साहेबांची निघाली. हा अमक्या साहेबाचा चंडोल, हा तमक्या साहेबाचा वटवट्या. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, तुम्हाला ती लिहितानाही कष्ट व्हायचे. तुम्ही रेंजरला विचारलं, “ह्या साहेबानं काय केलतं जी?”

रेंजर म्हणाला, “इकडे फिरला असंल, बंदूक घेऊन. त्यानं शोधला हा पक्षी.”

“अन् त्याच्या आधी कुठी लपून बसला होता का जी?”

रेंजर हसला. “तसं नाई पेंटर. साहेब लोकं सोताचं नाव नाई ठेवत. दोस्ताचं ठेवते. याले भेटला त त्याचं, त्याले भेटला त याचं.”

“म्हणजे दोस्तीखात्यात आहे सारं,” तुम्ही म्हणालात, आणि घरी येताना सायकलवर ते पुन्हा पुन्हा बोलून हसत होतात. पण ते तुमच्या मनात घर करून बसलं होतं, हे मला नंतर कळलं.

इंग्रजी ओळी झाल्या, खालच्या मराठी ओळी राहिल्या. वटवट्या म्हणावं तर दोन वेगवेगळ्या साहेबांचे दोन पक्षी मराठीत एकच होत होते. आणि बांबूच्या सावलीत, पाण्याजवळ बसणारा तो लहानसा, पाठ निळी, छाती नारिंगी, तोही एका साहेबाच्याच नावाचा, त्याला काय म्हणायचं, ते तर कुणालाच सांगता येईना. पाट्या रंगवायला तुम्ही दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव जातच होता, तिथं रेंजरचं पुस्तक उघडून विचारायचे. जिवतीकडे एकानं एक नाव सांगितलं, ते खंड्याचं निघालं. मूल गावाकडे सांगितलं ते दयाळाचं. गोंडांच्या गावात म्हातारे म्हणाले, पिट्टे. पुढे सिरोंच्याच्या वाटेवर तेलुगूत विचारलं, तर पिट्टा. दोन्हीचा अर्थ नुसता पक्षी. एका म्हाताऱ्यानं तर तुम्हालाच उलट विचारलं, “खायच्या कामाचा नाई, तरास देत नाई, मंग त्याले वेगळं नाव कायले पायजे?” हे तुम्ही आईला सांगितलंत तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली होती. रेंजर म्हणाला, “टाका काईही पेंटर, कोण वाचते?” पण काहीही टाकणं तुम्हाला जमणारं नव्हतं, आणि तो एक फलक खालची ओळ रिकामी ठेवून आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा राहिला. वरणालासुद्धा टर्पेंटाइनचा वास यायचा.

मग मुलचेऱ्याहून तुम्ही एकदा परत आलात. तिथल्या शाळेची पाटी रंगवली होती, आणि मास्तरांनी हौसेनं हजेरीचा तक्ताही तुमच्याकडून लिहून घेतला होता. त्यात तिचं नवं नाव होतं, फुफाजींच्या आडनावासकट. ते तुम्हीच आपल्या हातानं, आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहून आला होता. हे तुम्ही आईला सांगत होता आणि मी दारामागे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा फलकाची खालची ओळ भरलेली होती.

आई कणिक मळत होती. तिला वाचता येत होतं, हळूहळू, बोट फिरवत. तिनं वाचलं आणि म्हणाली, “पुसा.”

“वाळला रंग,” तुम्ही म्हणालात.

आईनं उठून बोट लावलं. बोटाला निळा रंग आला. “वाळला नाई,” ती म्हणाली. “शब्द देल्ला हाय तुमी ननंदबाईले.”

“हाक मारायची नाई, असा देल्ला. लिवायचं नाई, असं कोण म्हणलं?” तुमचा आवाज चढला होता. “त्या साहेबानं ना पाह्यला ना पोसला, त्याचं नाव चालते. माह्या पोरीचं काऊन चालत नाई? कोणाले माहीत आहे ते कोणाचं नाव आहे?”

 आईनं बोट पदराला पुसलं आणि कणिक मळायला बसली. तो डाग त्या लुगड्याला शेवटपर्यंत होता. इतकी वर्षं मी या भांडणात आईच्या बाजूची होते. तुम्ही वकिलासारखी पळवाट काढली, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. पण वय वाढलं तसं दुसरंही वाटायला लागलं आहे. जे नाव तोंडात आणायचं नाही, वहीत लिहायचं नाही, पेल्यावर चालायचं नाही, ते ठेवायला तुम्हाला सबंध दोन जिल्ह्यांत ती एवढीच रिकामी जागा मिळाली.

पुढे काय झालं ते तुम्ही थोडंच पाहिलं. नाव चाललं, बाबा. तुमच्या अक्षराचा दोष म्हणा, छापल्यासारखं दिसायचं ते लोकांना खरंच वाटलं. फाटकावरच्या चौकीदारानं उचललं, त्याच्याकडून गाइडांनी, मग कुणीतरी ते माहितीपत्रकात ‘आदिवासींमध्ये प्रचलित नाव’ म्हणून छापलं. आता गाइड त्याची व्युत्पत्तीही सांगतात. म्हणे नीमच्या झाडावर बसते म्हणून निमी. तो पक्षी बांबू सोडून कधी कडुनिंबाकडे ढुंकून बघत नाही, पण ऐकणारे माना डोलावतात. एकदा मीही डोलावली. मला यात हसू येतं आणि त्याच वेळी लाजही वाटते. ज्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला खरं उत्तर दिलं होतं, की आम्ही याला काही वेगळं म्हणत नाही, त्यांच्याच नावावर आपण आपल्या घरातली गोष्ट खपवली. साहेबांनी यापेक्षा काय वेगळं केलं होतं? हा प्रश्न मी तुम्हाला विचारला असता, तर तुम्ही नक्की तोंड फिरवून ब्रश धुवायला बसला असता.

तुम्ही गेलात तेव्हा ती भाची म्हणून आली. भाचीसारखी रडली आणि भाचीसारखी तिसऱ्या दिवशी परत गेली. आता ती गडचिरोलीला असते, तिचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, मुलगी नर्स झाली. गेल्या हिवाळ्यात मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना मी जंगल दाखवायला नेलं. पाण्याजवळ जिप्सी थांबली, गाइडनं हात वर केला आणि हळू आवाजात म्हणाला, “वो देखो, निमी. निमी!” बाबा, मी दचकून वळले. ती वळली नाही. आत्याला वाटलेली भीती किती फुकट होती बघा. ती दुर्बीण डोळ्याला लावून शांतपणे बघत होती आणि म्हणाली, “किती गोड नाव आहे वो ताई. माह्या पोरीचं हेच ठेवाले पायजे होतं.” मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. ते उघडंच होतं.

तर आता हे माझ्यासमोर आहे. त्या अधिकारी मुलीला खरं सांगितलं, तर निमी हे नाव जाईल, आणि का गेलं ते आज ना उद्या गडचिरोलीपर्यंत पोचेल. नाही सांगितलं, तर साहेबाचं नाव जाऊन निमीचं एकटीचं नाव फलकावर राहील, ज्या आदिवासींचं ते नाही त्यांच्या नावावर, आणि ती तिकीट काढून ते बघायला येईल. आईच्या बाजूनं विचार केला तर पुसायला हवं. तुमच्या बाजूनं केला तर ठेवायला हवं. तिच्या बाजूनं विचार करायला गेले, तर तिला काही माहीतच नाही, आणि ते माहीत नसण्याला मी जबाबदार होत चालले आहे. तो पेला माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्यानं तांदूळ मोजून घेते. घासून घासून अक्षरं पुसट झाली आहेत, पण ‘नि’ची वेलांटी बोटाला अजून लागते.

काल शेवटी मी गडचिरोलीला तिला फोन लावला. सांगायचंच, असं ठरवून लावला. ती दुकानातच होती, मागे पोरांचा गलका चालला होता. मी म्हटलं, “अगं, निमी...” ते नाव मी लहानपणानंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलताना उच्चारलं होतं.

ती म्हणाली, “कोण, ते जंगलातली? काय झालं वो तिले?”

तिच्या आवाजात खरोखरीची काळजी होती. मी म्हटलं, “काही नाही झालं. नव्या फलकावर तिचं नाव ठेवायचं की नाही, ते मला विचारतायत.”

“ठेवा म्हणा. इतक्या वर्षाचं नाव काऊन काढाचं?” ती म्हणाली, आणि कुणाला तरी पेन्सिलीचा भाव सांगायला लागली. मी फोन ठेवला. तेवढं तिचं मत मिळालं, असं धरून चालावं की नाही, ते मला रात्रभर ठरवता आलं नाही. आज सकाळी मी त्या अधिकारी मुलीला कळवलं, हे नाव गोंडी नाही, झाडीबोलीतलं नाही, तेलुगूही नाही, चंद्रपूरच्या एका पेंटरनं एका लहान मुलीच्या नावावरून ठेवलं, आणि त्याच्याआधी इथं या पक्ष्याला नुसतं पिट्टे म्हणायचे. तेवढंच फलकावर लिहा, नाहीतर ओळ रिकामी सोडा. मुलगी कोण, हे तिनं विचारलं. मी म्हटलं, घरातली. ती म्हणाली, “वरिष्ठांना विचारून सांगते.” गडचिरोलीला मात्र अजून काही सांगितलेलं नाही. पेला पिशवीत घालून ठेवला आहे, एसटी कुठली पकडायची तेही माहीत आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही, ते पेल्याच्या जागी तांदळाच्या डब्यात राहील. पण तुमच्याशी एका गोष्टीत खोटं बोलले होते, तेवढं सांगून टाकते. तो फलक फाटकाजवळ उभा करायला तुम्ही मला सोबत नेलं होतं. मी तुमचे डबे धरून उभी होते, तुम्ही खांबाला पत्रा ठोकला, चार पावलं मागे येऊन तुम्ही ती खालची ओळ वाचलीत, ओठ न हलवता, आणि मग माझ्याकडे पाहिलंत. “काऊन वं, डोये कायले लाल झाले?” असं तुम्ही विचारलं. मी म्हटलं, टर्पेंटाइन गेलं. तुम्ही गमछ्याचं टोक ओलं करून माझे डोळे पुसलेत, आणि मला वाटतं तुम्ही समजलात की मी निमीसाठी रडते आहे. टर्पेंटाइन नव्हतं, बाबा, आणि ते निमीसाठीही नव्हतं. खडूच्या दोऱ्याचं दुसरं टोक रोज मी धरत होते, आणि तुम्ही माझं नाव कधी कुठंच लिहिलं नाही.